काळ्या घोंगडीवरची धार

पाव्हणं दुपारपासूनच यायला लागलं होतं, आणि मल्हारच्या अंगात सकाळपासून कणकण होती. ह्या दोन गोष्टी एकाच दिवशी यायला नको होत्या. पण देवाचा दिवस काही कुणाच्या सोयीनं येत नाही, आणि ताप तर त्याहून नाही.

मंगलनं पोराच्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला, मग सदऱ्याच्या आत छातीला. छातीवरचा तो उभा वण बोटांना लागला की अजूनही तिचा हात तिथंच थांबायचा. पुण्याच्या दवाखान्यात काळजाचं भोक शिवून आणलेलं पोर. आता हा इतर पोरांसारखाच, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणाले होते खरे. पण इतर पोरांना ताप आला की त्यांच्या आया चुलीवरचा तवा तसाच टाकून पळत नाहीत.

"वडूजच्या डॉक्टरनं बघितलंय न्हवं?" सासू दारातून म्हणाली. धोंडुबाईच्या हातात दोन बादल्या होत्या, त्या तिनं खाली ठेवल्या नाहीत. "घसा आलाय म्हनला. औषिद दिलंय. उतरंल."

"उतरंल ओ आत्ती. पर आजच का आला?"

का, ते दोघींनाही ठाऊक होतं. मल्हारला आत नेलं होतं त्या दिवशी दवाखान्याच्या बोळकांडीत, येणाऱ्याजाणाऱ्या नर्सा बघत असताना, धोंडुबाईनं फरशीवर पदर पसरला होता. "बिरोबा, पोर माघारी दे. कवडीच्या पोटात बोकड असला तर त्यो तुजा." पोर माघारी आलं. कवडी व्याली, बोकड झाला. उद्या त्या बोकडाचा दिवस. आणि गेले आठ दिवस ह्या घरात एकच चर्चा चाललेली: बोकड द्यायचा का ठेवायचा. चर्चा म्हणजे काय, घरातल्या दोघा शहाण्यांनी चालवलेली. त्या दोघांतला एक मंगलचा नवरा होता, म्हणून तिला तोंड उघडून फार बोलता येत नव्हतं. पण तिची पक्की खात्री झाली होती की हे सगळं देवाच्या कानावर गेलंय.

"मला दूध," मल्हार म्हणाला. "कवडीचं."

"चला," ती म्हणाली आणि त्याला कडेवर घेऊन मागच्या शेडकडे निघाली.

*

शेडमध्ये मंगलची नणंद समीक्षा उकिडवी बसली होती आणि तिचा थोरला भाऊ, मंगलचा नवरा अमृत, तिच्या डोक्यावर उभा होता, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा. टेम्पो येऊन गेला होता. महाबळेश्वरच्या चीजवाल्यानं दोन कॅन परत पाठवले होते, ह्या महिन्यात दुसऱ्यांदा. दुधात पेशी जास्त आहेत, एवढाच निरोप. अमृतला ह्या पेशी म्हणजे काय ते आता पाठ झालं होतं. कासेत आजार शिरला की त्याच्याशी झुंजायला रक्तातल्या पेशी दुधात उतरतात. दूध वरून पांढरंशुभ्र दिसतं, पण त्याचं चीज बसत नाही.

समीक्षाच्या हातात खोलगट वाट्यांची एक पांढरी पाटी होती. एकेका शेळीच्या दोन्ही सडांची धार वेगवेगळ्या वाटीत घ्यायची, त्यात जांभळं पाणी ओतायचं आणि पाटी गोल फिरवायची. चांगलं दूध पाण्यासारखं पळतं. बिघडलेलं शेंबडासारखं घट्ट होतं. शिरवळच्या कॉलेजात ती जनावरांची पुढची डॉक्टरकी शिकत होती, पण प्रत्येक सुट्टीत तिचं निम्मं शिक्षण ह्या शेडमध्येच व्हायचं.

"हिचं?" अमृतनं विचारलं.

"घट्ट."

"आन हिचं?"

"दादा, तू सारखं विचारलंस म्हणून दूध सुधारणार हाय का?" तिनं पाटी धुतली. "पांढऱ्या शेळ्यांच्या निम्म्याहून जास्त गेल्यात. तू जास्त दुधासाठी आणलास तो पांढरा बोकड, त्याच्या लेकी ह्या. कासा बघ कशा लोंबल्यात. बसल्या की सड मातीत. दगडी होणार न्हाई तर काय."

दगडी. कास दगडासारखी टणक होते म्हणून हे नाव. गेल्याच पंधरवड्यात मोरी शेळी त्यानंच गेली. तिची कास आधी तापली, मग गार पडली, मग काळीनिळी झाली. धोंडुबाई शेवटपर्यंत तिच्याजवळ बसून होती. इंजेक्शनं झाली, शेक झाला, काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून रोज पहाटे धार काढायला जाताना घरातल्या प्रत्येकाचा जीव टांगणीला लागलेला असायचा: आज कुणाची कास गरम लागतीय.

मंगल पोराला घेऊन आत आली, तेव्हा समीक्षा कवडीपाशी पोचली होती. कवडी म्हातारी शेळी, तांबूस अंगावर कवड्या ठेवल्यासारखे पांढरे ठिपके. कास लहान, पोटाला चिकटलेली, मुठीत मावेल अशी. समीक्षानं पाटी फिरवली. दूध पाण्यासारखं पळालं.

"बघ," ती म्हणाली. "हिच्या शेजारी बांधलेली मोरी मेली. एकच शेड, एकच चारा, धार काढणारे आईचे हातबी तेच. हिला काय सुदिक झालं न्हाई. हिच्या तिन्ही लेकींनाबी न्हाई. दोन वर्षं मी तपासतीय."

"म्हंजी रगतातच हाय?" मंगलनं विचारलं.

"सगळं रक्तात नसतं, वैनी. गोठा, हात, सडांची ठेवण, सगळं मिळून असतं. पण थोडं रक्तातून येतं. ते थोडं धरून ठेवलं तर दर पिढीला वाढत जातं." तिनं खुंट्याला बांधलेल्या तांबड्या बोकडाकडे बोट केलं. "शेळी किती करडं देणार? एक न्हाईतर दोन. त्यो एकटा अख्ख्या कळपाला पुरतो. बोकडाला कास नसती, पण आईची कास त्याच्या अंगातनं लेकींना जाती. म्हणून मी ओरडतीय, त्येला ठेवा."

मल्हार कडेवरून खाली घसरला आणि बोकडाच्या गळ्यात पडला. बोकडानं त्याचा कान चाटला. दोघं एका कासेवर वाढलेले. दवाखान्यातून आल्यावर पोराला दुसरं कुठलं दूध पचेना, तेव्हा धोंडुबाई कवडीची एका सडाची धार मल्हारला काढायची आणि दुसरा सड बोकडाला सोडायची.

मंगल बघत राहिली. मग तिला एक साधी गोष्ट सुचली आणि तिनं ती सरळ विचारली. "वन्सं, येवढी चांगली वेल कवडीची. मग ह्या वेलीचा दुसरा बोकड कसा न्हाई आपल्यात? तिच्या आईचा, आजीचा? येकबी कसा न्हाई?"

समीक्षानं पाटी खाली ठेवली. हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

उत्तर पाठीमागून आलं. धोंडुबाई बादल्या घेऊन उभी होती.

"कसा असंल?" ती म्हणाली. "समदं देवाला गेलं."

बाहेर पाव्हण्यांची आणखी एक गाडी लागली.

"देवाचा बोकड निर्मळ कासेचाच लागतो," धोंडुबाई सावकाश म्हणाली, जणू आपणच आपलं ऐकत होती. "काळ्या घोंगडीवर त्येच्या आईची धार मारून बघायची. बारीक गुठळी असली तरी काळ्यावर दिसती. गुठळी दिसली की त्यो बोकड देवाला चालत न्हाई. मग त्यो आपल्याला. पाळायला, इकायला, कळपात सोडायला." तिनं बादल्या खाली ठेवल्या. "माज्या सासूनं तसंच केलं. मीबी तसंच केलं. चांगलं तेवढं निवडून देवाला दिलं, आन ऱ्हायलेल्यावर कळप चालवला."

समीक्षाला कॉलेजात पहिली धार काळ्या कपात घ्यायला शिकवलं होतं, गुठळ्या दिसाव्यात म्हणून. तेच आपल्या घरी घोंगडीवर चाललंय, पिढ्यान्‌पिढ्या. इतकं पारखून घ्यायचं, आणि पारखलेलं कापायचं.

"आये," अमृत म्हणाला, "आता तरी ऐकशील?"

"मी ऐकून काय करू? नवस बोलून बसलीय मी." आणि धोंडुबाईनं बादल्या उचलल्या.

*

अर्जुना तात्या सोप्यात घोंगडीवर बसले होते. धोंडुबाईचे थोरले दीर. ते खालच्या वस्तीला वेगळे राहायचे, पण देवाचं सगळं त्यांच्याकडे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला, त्यामुळे कुणाचंही बोलणं ते मान तिरकी करून ऐकायचे आणि समोरच्याला उगाचच आपली चोरी पकडल्यासारखं वाटायचं. त्यांच्या बाजूला धोंडुबाईचा भाऊ कृष्णात, जतहून आलेला. कृष्णातमामा स्वतःही शेळ्या पाळणारा, बोलायला मोकळा, आणि जेवणाची वेळ कधी चुकली नाही असा माणूस.

अमृतनं पाणी ठेवलं, बसला, आणि शेडमधलं सगळं सांगून टाकलं. शेवटचं बोलताना त्याचा आवाज वर गेला. "तात्या, आपुनच आपल्या हातानं चांगली वेल मारत आलोय."

तात्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"मग देवाला काय द्यायचं रं?" ते म्हणाले. "वाळलेलं, किडकं? देवाला चांगलंच देत्यात."

"चांगलं देऊन देऊन आपल्याकडं वाईटच राहिलं, तात्या," दारात उभी समीक्षा म्हणाली.

"पोरगी खोटं बोलत न्हाई हां," कृष्णातमामा म्हणाला. "माज्याबी आठ शेळ्या दगडीनं बसल्यात. ह्यो बोकड ऱ्हायला तर माज्या समद्या शेळ्या मी त्येच्याकडं घालीन. दुसरा बोकड घ्या देवाला. देव काय दात मोजतोय?"

"दात न्हाई, सबूद मोजतो." तात्यांनी मान तिरकी केली. "धोंडूबाय कवडीचा म्हनली हुती. दुसरा कसा चालंल? आन हे माझंबी न्हाई, तुझंबी न्हाई, कृष्णात. पोराच्या नावानं बोललेलं हाय."

तेवढ्यात मंगल बाहेर आली. तिच्या हातात थर्मामीटर होतं आणि तोंडचं पाणी पळालेलं होतं. "आवं," ती अमृतला म्हणाली, "वाढलाय."

अमृत उठला, आत गेला. पोर पांघरुणात मुटकुळं करून पडलं होतं. औषध देऊन तास झाला होता. त्यानं डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, घशाचा ताप असाच चढतो-उतरतो, अंग पुसा, पाणी पाजा, सकाळी दाखवायला आणा. ऑपरेशन झालेलं पोर म्हणून मी जास्तच बघून घेतलंय, छाती चांगली आहे. अमृत हो हो म्हणाला. फोन ठेवला तरी त्याचा हात मल्हारच्या छातीवरच होता, आणि त्या हाताखाली पोराचं काळीज भराभरा उडत होतं.

महाबळेश्वर, चीज, पेशी, पुढच्या पिढ्या. आठ दिवस तो हेच बोलत होता, आणि खरंच बोलत होता. ह्या शेळ्यांवर त्यानं बायकोच्या अंगावरचं मोडलं होतं. पण ह्या काळजाच्या धडधडीपुढं त्याला त्यातलं एक अक्षर आठवेना.

तो बाहेर आला. "उद्या बोकड देऊ, तात्या."

"दादा," समीक्षा म्हणाली.

"गप ऱ्हा समे. तुला पोर न्हाई."

तो बोलला आणि लगेच त्याला कळलं की हे बोलायला नको होतं. समीक्षा आत निघून गेली. कृष्णातमामानं तंबाखूची पुडी काढली आणि ती मळण्यात फार लक्ष घातलं.

*

सांजच्या धारेला मंगल सासूजवळ बसली. रोज दोघी दोन्हीकडून धारा काढत यायच्या आणि कवडीपाशी भेटायच्या.

"वन्सं रडतीया," मंगल म्हणाली.

"रडू दे. ह्या घरात शेळ्यांसाठी रडनारं कुनीतरी पायजे." धोंडुबाईच्या बादलीत धार वाजत होती. "तुजं काय म्हननं हाय?"

आजपर्यंत हे मंगलला कुणी विचारलं नव्हतं. तिनं पदरानं हात पुसले.

"मला भ्या वाटतंय, आत्ती. दिला न्हाई तर पोराचं भ्या. आन दिला तर... मोरीसारख्या समद्या गेल्या तर आपुन खायचं काय? मल्हारला पुण्याला तपासायला न्यायचं कशाच्या जिवावर?" ती घुटमळली. "तुमाला वाटतंय का, देव रागावलाय म्हनून ताप आलाय?"

"मला काय कळतंय गं देवाचं," धोंडुबाई म्हणाली. "दवाखान्यात त्या दिवशी मला काय सुचत नव्हतं. जे सगळ्यात चांगलं हुतं त्येच्यावर बोट ठेवलं. देवानं मागितलं नव्हतं, मीच बोलून बसले."

तिनं कवडीच्या कासेवरून हात फिरवला. मऊ, कोमट, रिकामी कास. कवडीच्या पणजीच्या कासेला तिनं सासरी आल्यावर पहिल्यांदा हात लावला होता. त्या शेळीचे बोकड, हिचे बोकड. प्रत्येकाच्या कपाळाला भंडारा लावताना तिला किती बरं वाटायचं. निर्मळ म्हणताना छाती फुगायची. ती बादली घेऊन उठली.

"उद्या कवडीची मान तू धर," ती म्हणाली. "पोराच्या आईनंच धरायची असती."

*

बिरोबाचं ठाणं वस्तीच्या वरच्या माळावर. एक पाषाण, भोवती दगडांचं कुंपण, एक लिंबाचं झाड. सकाळी ढोल वाजायला लागले आणि भंडाऱ्यानं माणसं पिवळी झाली. अमृत पोराला घेऊन वडूजला दाखवून आला होता. ताप थोडा उतरला, पुन्हा चढला. मल्हार घरी समीक्षाजवळ होता. समीक्षा वर आली नाही. तिनं बोकडाला सकाळी आपल्या हातानं पाला घातला, आणि त्याला न्यायला माणसं आल्यावर दार लावून घेतलं.

बोकडाच्या गळ्यात झेंडूचा हार होता, आणि तो तोच खायचा प्रयत्न करत होता. लोक हसले. मंगलला हसू आलं नाही. ती कवडीची मान दोन्ही हातांनी धरून गुडघ्यावर बसली होती.

तात्यांनी काळी घोंगडी झटकून पसरली. जुनी, जाड, काळ्या मेंढीच्या लोकरीची. ढोल थांबले. धोंडुबाई पदर खोचून बसली. पहिली धार जमिनीला. दुसरी घोंगडीवर. मग दुसऱ्या सडाची.

मंगल वरून वाकून बघत होती. दूध काळ्या लोकरीवर पसरलं, पातळ, पांढरं, एकसारखं. गुठळी नाही, दोरा नाही, कण नाही. तिच्या डोक्यात आलं, झालं. संपलं. आता आत्ती निर्मळ म्हणतील आणि मी मान सोडीन.

आणि त्याच क्षणी दुसरं एक आलं, जे तिला अजिबात यायला नको होतं. निर्मळ कासेवर वाढलेलं तेच देवाला चालतं. मल्हारही ह्याच कासेवर वाढलाय. तिचे हात कवडीच्या मानेत घट्ट रुतले. कवडी ओरडली.

"धार कशी?" तात्यांनी विचारलं. रीतीप्रमाणे मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

धोंडुबाई घोंगडीकडे बघत होती.

"धार कशी, धोंडूबाय?"

"गुठळी हाय," धोंडुबाई म्हणाली.

कृष्णातमामा दोन पावलं पुढं आला आणि मागं सरला, कारण रिंगणात बाकीच्यांनी यायचं नसतं. अमृतच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्याला कळायलाच वेळ लागला.

तात्या खाली बसले. मान तिरकी केली. मग उजव्या हाताचं बोट त्यांनी दुधातून सावकाश फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बोट अंगठ्यावर घासून बघितलं. धोंडुबाईनं डोळे मिटून घेतले होते आणि तिचा श्वास मंगलला ऐकू येत होता.

तात्यांनी तोंड वर केलं, पण धोंडुबाईकडे नाही.

"मंगल, माझं डोळं ऱ्हायलं न्हाईत. तू पोराची आई. तू बघून सांग. गुठळी हाय?"

न्हाई म्हटलं की सासू देवासमोर खोटी पडणार. ज्या बाईनं तिच्या पोरासाठी दवाखान्याच्या फरशीवर पदर पसरला, ती. व्हय म्हटलं की खोटं माझं. तापलेलं पोर घरी, आणि खोटं माझं. तिला वाटलं, कुणीतरी मध्येच बोलावं, ढोल वाजावा, काहीही व्हावं. काही झालं नाही. बोकडानं हारातलं एक फूल तोडलं आणि चघळत तिच्याकडे बघत राहिला.

"हाय, मामंजी," ती म्हणाली. "गुठळी हाय."

तात्यांनी घोंगडी गुंडाळली. "कास निर्मळ न्हाई. बोकड देवाला चालत न्हाई," ते लोकांना म्हणाले. "नवस ऱ्हायला. बिरोबाच्या नावानं चांगभलं."

"चांगभलं," लोक म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

*

मटणाच्या आशेनं आलेलं पाव्हणं आमटी-भातापुढं बसलं. आमटी वाढताना चेहरे बघण्यासारखे होते. कृष्णातमामा तेवढा बोलला. "अमृता, येकदम कवडीलाच दगडी? काल तर पोरगी म्हनत हुती, ही वेल लय चांगली म्हनून."

"आता काय सांगायचं, मामा," अमृत म्हणाला. मोकळं वाटत होतं का धास्ती वाटत होती, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"मग माज्या शेळ्या न्हाई बाबा मी घालत त्येच्याकडं. दगडीच्या शेळीचा बोकड."

समीक्षा भात घेऊन आली होती. तिच्या हातातली पळी तशीच राहिली. तिनं आईकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. कालच पाटीत पाण्यासारखं पळालेलं दूध रात्रीतून गुठळीचं होत नाही. बोकड वाचला होता आणि त्याचं नाव गेलं होतं. ती मुकाट्यानं भात वाढत पुढं गेली.

धोंडुबाई जेवली नाही. चुलीपुढं बसून लाकडं मागंपुढं करत राहिली.

आणि मग आतून मल्हारचं रडं सुरू झालं. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. मंगलनं गाईचं दूध कोमट करून दिलं, त्यानं पेला ढकलला. "कवडीचं," तो म्हणाला. "कवडीचं पायजे." तापलेलं पोर, घसा बसलेला, तरी आवाज सोप्यापर्यंत जात होता.

"बिचारं पोर," पंगतीतली एक बाई म्हणाली. "त्येला काय ठावं, त्या दुधात आजार हाय ते. त्येला देऊ नगं हां मंगल."

मंगल उठली. सकाळची कवडीची धार पातेल्यात झाकून ठेवलेली होती. ते पातेलं घेऊन ती सगळ्यांच्या देखत अंगणातून गेली आणि उकिरड्यावर ओतलं. पांढरं दूध शेणात मुरलं. आत पोर रडतच होतं. ती रिकामं पातेलं घेऊन शेडच्या भिंतीआड उभी राहिली, आणि तिथं तिला रडू आवरेना.

तात्या हात धुवायला म्हणून उठले होते. भिंतीला हात लावत लावत ते तिच्यापाशी आले.

"पोराला उपाशी का ठेवतीस?"

"दूध नासलंय, मामंजी."

"बोटाला मोतीबिंदू न्हाई आला अजून माझ्या," तात्या म्हणाले.

मंगलनं पदरानं तोंड पुसलं.

"तुमाला कळलं हुतं? मग बोलला का न्हाई?"

"बोललो की. तुला इच्यारलं. नवस तुझ्या पोराचा, जीव तुझ्या पोराचा. तू न्हाई म्हनली असतीस तर मीच सुरी लावली असती." त्यांनी भिंतीला पाठ टेकली. "काल पोरगी म्हनली, आपल्याकडं वाईटच राहिलं. झोप लागली न्हाई. माझ्या हातनं किती बोकड गेलं ते आठवत बसलो. अमृतला सांग, ह्यो बोकड इकू नगंस. माझ्या शेळ्या माजावर आल्या की मी आनतो. मी आनल्या की कृष्णातबी आनंल, आज न उद्या."

"आन देव, मामंजी?"

तात्यांनी मान तिरकी केली.

"त्येचं मला सांगता यायचं न्हाई, पोरी."

मग ते सोप्याकडे वळले, आणि त्यांचा खणखणीत आवाज ऐकू आला. "चला रं, उठा समदी. खालच्या रानात नवीन बोअर मारलीय, बघून घ्या. बायाबी चला. लय पानी लागलंय." बोअरला पाणी लागलं नव्हतं हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाव्हण्यांना नव्हतं. पंगत उठली. बोलणं अंगणातून उतारावर गेलं आणि लांब गेलं.

धोंडुबाई शेडच्या दारात आली. तिच्या हातात मल्हारचा पेला होता. तिनं तो मंगलकडे दिला आणि कवडीची मान धरून बसली.

मंगलनं धार काढली. पेला काठापर्यंत भरला. समीक्षानं मल्हारला उचलून आणलं. तो आईच्या मांडीवर बसला, दोन्ही हातांनी पेला धरला आणि न थांबता पीत राहिला. शेजारी बोकड दाव्याला ओढ देत होता, अर्धा हार अजून गळ्यात होता.

"हळू," मंगल म्हणाली. "हळू पी रं."

तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गरम होतं. पोरानं पेला संपवला, ओठ पुसले, तिच्या दंडावर डोकं टेकलं. ती तसाच हात ठेवून बसून राहिली.